मेलेल्या झाडांचा रविवार

कळमेश्वरच्या रस्त्यावर शहर विरळ होत जातं तिथे एक नर्सरी आहे. फाटकावर हाताने रंगवलेली पाटी आहे, 'येथे फक्त बारमाही झाडे मिळतील'. त्यातला 'फक्त' वाचून मी पहिल्यांदा स्कूटर थांबवली. दुकानदार आपल्याकडे काय काय आहे ते लिहितो. काय नाही ते सहसा लिहीत नाही. मागे बसलेल्या बायकोने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, हा 'फक्त' काहून आहे ते विचारून येऊ.

नर्सरीची मालकीण चाळिशीची, डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली, हात कोपरापर्यंत मातीचे. तिने सांगितलं की नागपुरात लोक दिवाळीनंतर पिटुनिया आणि डेलिया आणतात, मार्चमध्ये ती झाडं वाळतात, कुंड्या गच्चीच्या कोपऱ्यात उलट्या पडतात आणि लोकांना वाटतं की बागकाम संपलं. तिला अशी झाडं विकायची होती जी दरवर्षी नव्याने आणावी लागत नाहीत: मोगरा, अनंत, कुंद, जास्वंद, सोनटक्का. पण ती जगवायची कशी ते लोकांना माहीत नाही, म्हणून फेब्रुवारी-मार्चच्या रविवारी सकाळी ती शिकवत असे. बसायला चटई आपली आपण आणायची.

आम्ही पुढच्याच रविवारी चटई घेऊन गेलो. मोगऱ्याची छाटणी होती. तिने एक चांगला हिरवागार मोगरा घेतला, फांद्या अर्ध्यावर छाटल्या, मग उरलेली पानंही हाताने ओरबाडून काढली. आता याला काही दिवस पाणी द्यायचं नाही, म्हणाली. कोवळ्या फांद्या मलूल झाल्या की शेणखत घालायचं आणि मग भरपूर पाणी. सगळे मुकाट ऐकत होते. मी विचारलं की पानं काढल्याने फुलं का वाढावीत. झाड खातं तर पानांनीच. तिने कात्री खाली ठेवली. मग म्हणाली, "खरं सांगू का, मलाही नक्की माहीत नाही. माझे आजोबा करायचे. मी अर्ध्या झाडांना करून पाहिलं, अर्ध्यांना नाही. ज्यांना केलं त्यांना फुलं जास्त आली."

मी बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात बॉयलरच्या पाण्याचं काम बघतो. तिथे येणारे विक्रेते प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार घेऊन येतात. माहीत नाही असं सांगून वर आपण काय करून पाहिलं तेही सांगणारं माणूस क्वचित भेटतं. त्या दिवसापासून तिच्या शब्दावर माझा भरवसा बसला.

त्या वर्गात एक काका येत. पोस्टातून निवृत्त झालेले, मूळचे उमरेडचे, विणकरांच्या घरातले. माझ्या बायकोचं माहेरही उमरेडचं आणि घरात हातमागच, हे त्यांना पहिल्याच रविवारी कळलं आणि त्या क्षणापासून मी त्यांचा जवाई झालो. मी प्रश्न विचारला की ते मागून म्हणत, "जवाई, झाड लावायचं हाय, त्याची साक्ष नाही काढायची." सगळे हसत. मीही हसत असे, पण प्रश्न विचारायचं थांबवत नसे.

त्या वसंतात आम्ही तिच्याकडून एक अनंत घेतला. तिचा नियम होता: उन्हाळ्यात झाड मेलं तर कुंडीसकट परत आणायचं, पावसाळ्यात ती दुसरं देणार. ती म्हणायची की बारमाही म्हणून विकलं तर बारमाही ठरलं पाहिजे.

आमच्या घराला पूर्वेकडे मोठी गॅलरी आहे. एका खिडकीला लोखंडी कूलर, खाली स्टँड, टाकीला पाणी आपोआप भरणारा बॉलकॉक. होळीनंतर नवीन खस बसवून आम्ही तो सुरू केला. पाणी बोअरचं. टाकीतलं पाणी शिळं होऊन वास मारू नये म्हणून रोज सकाळी त्यातलं दोन बादल्या काढायचं आणि कुंड्यांना घालायचं, ही आमच्याकडची जुनी पद्धत. आमच्याकडची म्हणजे सगळ्या नागपूरची. रात्रभर खसातून फिरलेलं गार पाणी, तेही फुकट न घालवता झाडाला. यात कुणाला काय खटकणार? अनंताची पानं एप्रिलमध्ये कडेने तपकिरी झाली. आम्ही त्याला सावलीत सरकवलं आणि पाणी वाढवलं. मेच्या मध्याला फक्त काड्या उरल्या.

नर्सरीत कुंडी परत द्यायला गेलो तर पत्र्याच्या शेडखाली अशाच कुंड्यांची रांग होती. आमच्या पुढे काका उभे होते, हातात वाळका अनंत घेऊन. ते तिला म्हणाले, "हे तुझं बारमाही वं पोरी? तीन महिने पुरलं." तिने कुंडी घेतली आणि रांगेत ठेवली. तिने त्या कुंड्या रिकाम्या का केल्या नाहीत, असं मी विचारलं. म्हणाली, कारण कळेपर्यंत माती टाकवत नाही.

पावसाळ्यात तिने सगळ्यांना शब्दाप्रमाणे दुसरी झाडं दिली. हे तिला परवडणारं नव्हतं, हे सांगायला हिशेबाची गरज नव्हती. जागा तिची आणि तिच्या भावाची सामायिक. भावाचं म्हणणं होतं की ही बारमाहीची हौस सोडावी आणि त्या जमिनीवर हिरवळ वाढवून तिचे गालिचे लग्नाच्या लॉनवाल्यांना विकावेत. लग्नं काही उन्हाळ्यात वाळत नाहीत. त्याने तिला आणखी एक उन्हाळा दिला होता. पुन्हा तेवढीच मेलेली झाडं परत आली तर पाटी उतरवायची. हे तिने आम्हाला पुढच्या फेब्रुवारीत, वर्ग सुरू होतानाच सांगितलं, आणि म्हणाली की या वेळी पहिला रविवार छाटणीचा नाही, मेलेल्या झाडांचा.

त्या सकाळी शेडखालच्या सगळ्या कुंड्या तिने उघड्यावर मांडल्या होत्या. कुंपणापलीकडे पळस फुलला होता आणि अलीकडे आम्ही चटयांवर वाळक्या काड्यांसमोर बसलो होतो. काका म्हणाले, तेराव्याले आल्यासारखं वाटून राहिलं. मग त्यांनी आपली निळी रंगवलेली कुंडी ओळखली आणि चटई तिच्यासमोर सरकवली.

तिने एकेक कारण घेतलं. ऊन म्हणावं तर नर्सरीत ऊन कमी नव्हतं. हिरव्या जाळीखाली तिची झाडं पूर्ण उन्हाळा तगली होती. माती म्हणावी तर ती तिच्याच हातची, एकाच ढिगातली. जास्त पाण्याने मुळं कुजली म्हणावं तर तिने दोन कुंड्या आमच्यासमोर उलट्या केल्या आणि मुळं कापून दाखवली: कुजकी नव्हती, वास नव्हता, सुकून सुतळीसारखी झाली होती. पाण्यात असून तहानेने मेल्यासारखी, असं ती म्हणाली, आणि स्वतःच्याच वाक्याचं तिला नवल वाटलं.

मला एक गोष्ट विचारायची होती: मेलं ते दिसतंय, जगलं ते कोणतं? लोकांनी सांगितलं. बोगनवेल जगली होती, सदाफुली जगली होती, कण्हेर जगली होती. अनंत कुणाचाच जगला नव्हता. म्हणजे एका बाईंचा सोडून. त्या शाळेत शिकवायच्या, धंतोलीत तिसऱ्या मजल्यावर राहायच्या, आणि त्यांच्या अनंताला फुलंही आली होती. सगळे त्यांच्याकडे वळले. त्या संकोचून म्हणाल्या की त्या काही विशेष करत नाहीत. उलट सुट्ट्यांमध्ये गावी गेल्या की शेजारचे आठवलं तर पाणी घालतात, एवढंच.

तिथे गाडी अडली. चहा आला. चहाबरोबर लोक फेब्रुवारीत बोलतात तेच बोलू लागले: यंदा कूलर लवकर काढावा लागणार, खस चांगली मिळत नाही, जाळ्यांतलं वुडवूल आठवडाभरात बसतं. मागच्या वर्षीच्या जाळ्या काढल्या तर त्यांवर पांढरा थर इतका की खरवडून निघेना, असं कुणीतरी म्हणालं. शिक्षिका म्हणाल्या, "आमच्याकडे कूलर नाहीच. खिडकीला स्टँड लावायची परवानगी नाही, म्हणून एसी घेतला."

माझा कप हातातच राहिला. पांढरा थर. मी उठून कुंड्यांपाशी गेलो. आमच्या कुंडीच्या आतल्या काठावर, माती संपते तिथे, पांढरी कड होती. काकांच्या निळ्या कुंडीला होती. सगळ्यांना होती, कुठे मिठाच्या बरणीच्या झाकणासारखी, कुठे नुसती पुसट. मी ती रोज बघतो. कुंडीवर नाही, बॉयलरच्या नळ्यांवर.

मी सगळ्यांना विचारलं की कूलरच्या टाकीतलं पाणी कोण कोण झाडांना घालतं. हात वर झाले. शिक्षिका सोडून सगळे. मालकीण चकित होऊन बघत राहिली. तिच्या नर्सरीत कूलर नव्हता. गेली कित्येक वर्षं ती रविवारी लोकांना किती पाणी घालायचं ते शिकवत होती, पण कुठलं, हे विचारायचं तिला कधी सुचलं नव्हतं. आणि सांगायचं आम्हालाही नाही.

मग मी माझ्या कामाचं सांगितलं. बॉयलरमधून वाफ जाते ती शुद्ध. पाण्यातले क्षार मागे उरतात आणि वाढत जातात, म्हणून मधूनमधून ते पाणी सोडून द्यावं लागतं. मी पगार घेतो तो यासाठीच. कूलरही तेच करतो. आमच्या कूलरमधून दिवसाला अंदाजे शंभर लिटर हवेत उडतं आणि तीस लिटर आपण बादलीने काढतो. म्हणजे एकशे तीस लिटरचं मीठ त्या तीस लिटरमध्ये येतं. बोअरचं पाणी आधीच जड, ते चौपटीच्या वर जातं. तेच आपण रोज सकाळी अनंताला पाजत होतो. बोगनवेल, कण्हेर ते सोसतात. अनंताला सोसत नाही.

पाण्यातले क्षार मोजायचा मीटर माझ्या बॅगेत पेनासारखा खोचलेला असतो. आरओ विकणारे घरोघरी दाखवतात तोच. मालकिणीने दोन पेल्यांत नर्सरीच्या विहिरीचं पाणी घेतलं. एकात तिच्या ढिगातली चिमूटभर माती, दुसऱ्यात मेलेल्या कुंडीतली. पहिल्यात आकडा शेकड्यांमध्ये राहिला. दुसऱ्यात तो हजारांमध्ये गेला आणि चढत राहिला. तिने मीटर माझ्या हातातून घेतला, एकेका कुंडीची माती पेल्यात टाकून बघत रांगेच्या शेवटपर्यंत गेली. कुणी घाई केली नाही.

काकांना पटलं नाही. "आमच्या घरी कूलर आला तवापासून टाकून राहिलो," ते म्हणाले. "तुळस मेली नाही, कण्हेर मेली नाही. हा तुझा अनंतच नाजूक हाय."

माझी बायको चटईवरून पुढे सरकली. ती म्हणाली, "काका, उमरेडले तुमच्या घरी सूत रंगवायचं तवा पाणी कोणत्या विहिरीचं आणत होते?"

"गोड्या विहिरीचं," काका म्हणाले. "लांब होती. खाऱ्या पाण्यात रंग धरत नाही."

"मंग?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग निळ्या कुंडीकडे. "सूत वेगळं, झाड वेगळं," ते म्हणाले.

मला हे पक्कं करायचं होतं. एवढ्या पुराव्यावर मी कारखान्यात पंपसुद्धा बदलत नाही. मी मालकिणीला म्हटलं की सारख्या उंचीचे दोन अनंत द्या. एकाला नळाचं पाणी घालतो, दुसऱ्याला कूलरचं, बाकी सगळं सारखं. ती चिडलीच. "तुम्ही दोन झाडं न्यायची म्हणता आणि एक मारून आणायचं म्हणता. मी नाही देणार."

मग काका म्हणाले, "मले दे दुसरं. मी कूलरचंच टाकणार हाय. मेलं तर जवाई खरा, वाचलं तर मी."

तिने दोन्ही अनंत बाहेर काढले. माझा चटकन दिला. काकांचा त्यांच्याच निळ्या कुंडीत, ती धुऊन, नवी माती भरून लावून दिला, पण कुंडीवरून हात काढायला तिला वेळ लागला.

तो उन्हाळा मी जरा वेगळ्या नजरेने काढला. नळाचं पाणी सकाळी एका ड्रममध्ये भरून ठेवायचं, ते फक्त झाडांना. कूलरचं पाणी अंगण धुवायला आणि स्कूटरला. बायकोला अंगणात पाणी टाकताना जीवावर यायचं. ती म्हणायची की झाडाच्या नाकासमोरून पाणी नेऊन फरशीवर ओततो आहोत. एप्रिलमध्ये मी कूलरच्या टाकीत मीटर बुडवला. माझ्या हिशेबापेक्षा आकडा बराच जास्त आला. दोन दिवस कारण सापडेना. मग लक्षात आलं की खस नवीन असली तरी टाकीच्या तळाशी मागच्या वर्षीचा गाळ तसाच होता. तो विरघळत होता. ती टाकी घासताना मला जेवढा आनंद झाला तेवढा कूलरच्या हवेनेही कधी झाला नव्हता.

अनंताची पानं हिरवी राहिली. कडा तपकिरी होतात का ते बघायला मी रोज चष्मा घालून गॅलरीत जात असे. बायको म्हणायची, त्यालाही वाटत असेल आपली तपासणी चालू आहे.

काकांचं घर माझ्या वाटेवर नाही, पण मी दोनदा वाट वाकडी केली. फाटकातून झाड दिसत नव्हतं. दुसऱ्या वेळी काका बाहेरच उभे होते. मी अनंताची चौकशी केली. "परीक्षेआधी पेपर दाखवत नसतात, जवाई," ते म्हणाले, आणि मला आत न बोलावता ताक बाहेरच आणून दिलं. काका तसे अगत्याचे माणूस. हे मला विचित्र वाटलं, पण तेव्हा मी एवढाच अर्थ काढला की झाड मेलं आहे.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस, उतरल्यावरच्या रविवारी तिने सगळ्यांना बोलावलं होतं. आम्ही गेलो तेव्हा तिचा भाऊ शेडजवळ खुर्ची टाकून बसला होता, शर्टाच्या खिशात मोजणीची टेप. शेडखाली तिने जागा झाडून ठेवली होती, परत येणाऱ्या कुंड्यांसाठी. लोक येत गेले. कुणी हिरवा अनंत घेऊन, कुणी नुसता फोनवर फोटो घेऊन. मेलेल्या कुंड्या तीन आल्या. त्यांतली एक माकडांनी गच्चीवरून पाडलेली. ती त्या तिन्ही घेऊन शेडखाली ठेवून आली, पण दर वेळी फाटकाकडे बघत होती. काका आले नव्हते.

ते सगळ्यांच्या नंतर आले, रिक्षाने. मांडीवर निळी कुंडी. अनंत आमच्या झाडापेक्षा हातभर उंच होता आणि त्यावर एक फूल उमललं होतं. रिक्षातून उतरताच ते म्हणाले, "पाहा. कूलरचं पाणी."

मला खरंच धक्का बसला. माझं सगळं गणित एका फुलाने खोडलं होतं, आणि मला त्याचा राग नव्हता. कसं झालं ते कळायला हवं होतं. कदाचित त्यांच्याकडे बोअर नसेल. कदाचित ते टाकी रोज पूर्ण रिकामी करत असतील. मी एक पेला मागून घेतला, त्यांच्या कुंडीतली चिमूटभर माती नर्सरीच्या पाण्यात ढवळली आणि मीटर घातला. कुंडीच्या आतल्या काठाकडेही पाहिलं. पांढरं काही नव्हतं.

"किती?" काकांनी विचारलं. सगळे जवळ सरकले होते.

"साडेतीनशे."

हा आकडा कुणाला समजावून सांगावा लागला नाही. फेब्रुवारीत त्या सगळ्यांनी हजारांतला आकडा चढताना पाहिला होता. काकांनी मीटरकडे पाहिलं, मग आपल्या झाडाकडे.

"मशीन बिघडली असन तुमची," ते म्हणाले.

मी मीटर बंद करून खिशात ठेवला. माझ्या बायकोने वाकून अनंताचं एक पान बोटांवर घेतलं, उमरेडला सुताची लडी घेऊन बघतात तसं, आणि म्हणाली, "रंग चांगला धरला, काका."

काकांनी कुंडी सावलीत सरकवली. मग मालकिणीकडे वळून म्हणाले, "अजून एक दे वं पोरी. याले जोडी पाहिजे."

ती आत गेली नाही. तिथेच उभी राहून तिने विचारलं, "घरी कूलर चालू आहे का, काका?"

"हाय ना. याच्या आधी कधी बंद राहिला?"

"पाणी कुठं टाकता?"

"आंगणात," काका म्हणाले. मग आमच्याकडे एक नजर टाकून म्हणाले, "कालपासून."

ती हसली, त्या दिवशी पहिल्यांदाच, आणि हिरव्या जाळीखालून दुसरा अनंत निवडून घेऊन आली. कुंडी जड होती. ती रिक्षात ठेवायला तिचा भाऊ खुर्चीतून उठला.